उपाय आहे म्हणता, मग तो द्या

‘झोपेत घोरणाऱ्यालाही आता दिव्यांगाचं सर्टिफिकेट द्यायचं का?’ स्लीप ॲप्नियासारख्या दीर्घ आजारांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तो विचारणारे सगळे निर्दयी नसतात. त्यांच्यात मेडिकल बोर्डावर बसणारे डॉक्टर असतात, समाजकल्याण खात्यात हयात घालवलेले अधिकारी असतात, आणि स्वतः अपंगत्व सोसत एकेका हक्कासाठी झगडलेले कार्यकर्तेही असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा आजार माणसाच्या राहणीमुळे होतो. त्यावर चांगला उपाय आहे. उपाय असलेल्या आजाराला अपंगत्व म्हणता येत नाही. आणि एकदा हे दार उघडलं की खोटी प्रमाणपत्रं काढणाऱ्यांची रीघ लागेल, खऱ्या दिव्यांगांच्या वाट्याचं जाईल. यातले बहुतेक मुद्दे मला खोडायचे आहेत. शेवटचा मात्र खोडून टाकण्यासारखा नाही, त्याला नीट उत्तर द्यावं लागतं.

आधी आजार काय आहे ते पाहू, कारण ‘घोरणं’ या एका शब्दावर सगळी चर्चा उडवून लावली जाते. झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. या रुग्णांमध्ये ते इतके सैलावतात की श्वासाची वाटच मिटते. छाती श्वास ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, घसा उघडतो, श्वास परत सुरू होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. तासाला असे किती अडथळे येतात त्यावर तीव्रता ठरते. पाचाच्या आत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर, वर्षानुवर्षं. अशा माणसाचा रक्तदाब अनेकदा गोळ्यांना दाद देत नाही, हृदयाची लय बिघडू शकते, पक्षाघाताचा धोका वाढतो आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव सांगितलं होतं. ‘एम्स’च्या संशोधकांनी २०२३ साली भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांच्या अंदाजाने सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार आहे आणि त्यातल्या सुमारे पावणेपाच कोटींना तो मध्यम ते तीव्र आहे.

हे सगळे दिव्यांग आहेत असं मी म्हणत नाही. यातले पुष्कळ जण उपचार घेऊन ठणठणीत काम करतात. माझं भांडण त्यांच्यासाठी नाही. ज्यांना उपचार परवडत नाही, किंवा उपचार घेऊनही ज्यांची काम करण्याची ताकद परत येत नाही, त्यांना आपली व्यवस्था दोन्हीकडून परत पाठवते. त्याबद्दल माझं म्हणणं आहे.

राहणीचा मुद्दा. लठ्ठपणाने हा आजार वाढतो, हे खरं. पण जबडा लहान असणं, हनुवटी मागे असणं, टॉन्सिल मोठे असणं, थायरॉइड मंद असणं यांमुळेही तो होतो. आशियाई लोकांच्या चेहऱ्याच्या ठेवणीमुळे आपल्याकडे सडपातळ माणसांतही तो दिसतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं, आणि त्यांच्या बाबतीत तो उशिरा लक्षात येतो, कारण त्या घोरण्याची नव्हे तर थकव्याची तक्रार घेऊन येतात आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून परत जातात. ‘वजन कमी करा’ हे सांगणंही सोपं आहे. झोप मोडली की भूक वाढते, दिवसभर अंग चालत नाही, वजन चढतं, आणि वजन चढलं की झोप आणखी मोडते. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनला अमेरिकेने २०२४ च्या डिसेंबरात लठ्ठ रुग्णांमधल्या ॲप्नियासाठीही मान्यता दिली. ते भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसालाच महिन्याला १४ हजारांच्या घरात खर्च होता. राहणी सुधारा असं सांगताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

आणि समजा, चूक माणसाचीच आहे. मग काय? दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्याचा पाय गेला तर बोर्ड त्याला प्रमाणपत्र नाकारतो का? नाकारत नाही आणि नाकारू नये. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दिव्यांगत्व कशाने आलं हे विचारत नाही. माणसात दीर्घकाळ टिकणारी उणीव आहे का, आणि समोरच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर त्या उणिवेमुळे समाजात बरोबरीने वावरता येतं का, एवढंच तो विचारतो. लायकी तपासण्याचा अधिकार त्याने कुणालाही दिलेला नाही. तो आपण आपल्या मनाने घेतला आहे, आणि तोही फक्त आजारी माणसांच्या बाबतीत.

आता मुख्य मुद्दा. उपाय आहे, म्हणून अपंगत्व नाही.

उपाय आहे आणि तो उत्तम आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये सीपॅप यंत्राबद्दल पहिल्यांदा लिहिलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून येणारी दाबाची हवा घशाची वाट उघडी ठेवते. हजारो माणसांना या यंत्राने जगण्यात परत आणलं आहे आणि त्याविरुद्ध बोलण्याचं मला काहीच कारण नाही. पण ‘चष्मा लावला की दिसतं, तसं यंत्र लावलं की झालं’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे, आणि ते बोलणाऱ्याने चष्म्याबद्दलचाच कायदा वाचलेला नसतो. या कायद्याच्या परिशिष्टात अल्पदृष्टीची व्याख्या आहे. चांगल्या डोळ्याला शक्य तितका उत्तम चष्मा दिल्यानंतर दृष्टी किती उरते, ते तिथे मोजतात. आधी उपाय करायचा, मग जे उरतं ते मोजायचं. मला ही पद्धत मान्य आहे. हीच पद्धत ॲप्नियाला लावा. आधी यंत्र द्या, ते नीट बसवून द्या, सहा महिने वापरू द्या, आणि मग मोजा. आज काय होतं? यंत्र कुणी देत नाही, आणि ‘यंत्र आहे ना’ म्हणून मोजतही नाही.

माझा थोरला भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर होता. बारा तासांची पाळी, आठवडा दिवसाचा, आठवडा रात्रीचा, मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर ठरलेली. मागाच्या त्या खडखडाटात, जिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे तो उभ्याउभ्या पेंगायला लागला. धागा तुटलेला कळायचा नाही, कापडात पट्टा पडायचा, मजुरीतून कापलं जायचं. मालकाला वाटलं पितो. आम्हालाही काही काळ तसंच वाटत राहिलं असतं, पण वहिनी रात्री त्याच्याकडे बघत बसायची आणि तिने सांगितलं, ‘यांचा श्वास थांबतो हो.’ मधुमेह आणि रक्तदाब आधीपासून होते. स्लीप स्टडी झाली ती पुतण्याने उसनवारी करून. रिपोर्टमध्ये तासाच्या अडथळ्यांचा आकडा ४६ होता. यंत्राचा खर्च पन्नास हजारांच्या आसपास, मास्क आणि फिल्टर वेगळे.

यंत्र आलं, आणि दादा बराच सुधारला. हे मुद्दाम सांगते, कारण यंत्राचं यश लपवून मला युक्तिवाद जिंकायचा नाही. पण रात्री लाईट गेली की यंत्र बंद पडतं. मास्क तोंडावर घट्ट, नळीतून हवा नाही, तो घाबरून उठतो, अंधारात मास्क ओढून काढतो, आणि उरलेली रात्र खुर्चीत बसून काढतो. उन्हाळ्यात हे वरचेवर. बॅटरीचा खर्च पुन्हा वेगळा. आणि दिवसाची पेंग कमी झाली तरी गेली नाही. हे दादापुरतं नाही. यंत्र वापरूनही काही रुग्णांची दिवसाची झोप उरते, म्हणून तर अमेरिकेत २०१९ साली सोलरियामफेटॉल हे वेगळं औषध मंजूर झालं. तिथल्या मेडिकेअर योजनेत सुरुवातीच्या तीन महिन्यांत यंत्राचा वापर तपासतात. महिन्यातल्या ७० टक्के रात्री किमान चार तास मास्क लावला, तर वापर पुरेसा धरतात. रात्रभर मास्क लावून झोपणं सगळ्यांना जमत नाही, हे त्या नियमातच गृहीत धरलं आहे.

शेवटी दादाने माग सोडला. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरायला आम्ही सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलाने संगणकावर दिव्यांगत्वाच्या प्रकारांची यादी उघडली आणि वरून खाली सरकवत गेला. अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, बुटकेपणा, स्वमग्नता, सिकलसेल. खालपर्यंत जाऊन परत वर आला. ‘काका, यातलं कुठलं टाकू?’ दादा काही बोलला नाही. काहीतरी टाकल्याशिवाय अर्ज पुढे जाईना. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी बोर्डाच्या डॉक्टरांना भेटलो. भला माणूस. त्याने सगळे कागद वाचले, दादाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘यादीत नाही, मी टक्के कशाला लावू?’ त्याच्या हातात तेवढंच होतं.

आता या व्यवस्थेची गाठ बघा. गरजूंना सहायक साधनं देणारी केंद्राची ‘एडिप’ योजना आहे, पण तिला ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे साधन हवं तर प्रमाणपत्र आणा, आणि प्रमाणपत्र मागायला गेलं की साधन वापरा, प्रमाणपत्र कशाला, असं उत्तर. महात्मा फुले जन आरोग्य योजना दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. घरी रोज रात्री लावायचं यंत्र तिच्यात बसत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना मात्र सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून याच यंत्राचा परतावा मिळतो. त्यांना तो मिळतो हे योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की हे यंत्र चैन नसून उपचार आहे, हे सरकारनेच मान्य केलेलं आहे. मग मागावरच्या कामगाराचा घसा वेगळा असतो का?

‘बरा होण्यासारखा आजार दिव्यांगत्वाच्या यादीत नसतो’ हेही खोटं आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आले. तिन्हींवर उपचार आहेत. कुणाला रक्त चढवतात, कुणाला फॅक्टर देतात, कुणाला गोळ्या चालू असतात. तरीही ते यादीत आहेत, कारण उपचार चालू असताना माणूस शाळा, नोकरी, प्रवास यांत मागे पडतो, हे संसदेने ओळखलं. गडचिरोली आणि नंदुरबारच्या सिकलसेलच्या मुलांसाठी ती ओळख किती मोलाची आहे, हे तिथे काम करणाऱ्यांना विचारा. यादीत ‘कुष्ठरोगमुक्त’ असा स्पष्ट प्रकार आहे. तिथे तर रोग पूर्ण बरा झालेला आहे, आणि मागे जे नुकसान राहिलं ते कायदा मोजतो. जंतू गेला म्हणून बोटं परत येत नाहीत, हे कळण्याइतका हा कायदा शहाणा आहे. दीर्घ आजारांच्या बाबतीत तोच शहाणपणा वापरायला कुणी हरकत घेतली आहे?

एकाहून जास्त आजार असलेल्यांची तर आणखी परवड. ॲप्निया सहसा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर मधुमेह, हृदय, मूत्रपिंड यांपैकी काहीतरी पुष्कळदा असतं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसवर असणारा माणूसही या यादीत नाही. एकाहून अधिक दिव्यांगत्वांचे टक्के एकत्र करायचं सूत्र आहे, पण ते फक्त यादीतल्या प्रकारांना लागू पडतं. यादीबाहेरचे चार आजार एकाच शरीरात असले, माणूस जिना चढू शकत नसला, दुपारी जागा राहू शकत नसला, तरी कागदावर त्याचं दिव्यांगत्व शून्य टक्के.

खोट्या प्रमाणपत्रांची भीती मी हलक्यात घेत नाही. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर वादळ उठलं, त्यानंतर राज्यात कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरपडताळणी सुरू झाली. व्हायलाच हवी. पण ज्या प्रमाणपत्रांवरून आजवर वाद झाले, ती यादीतल्याच प्रकारांची होती, ॲप्नियाची नव्हेत. उलट हा आजार खोटा दाखवणं फार अवघड आहे. स्लीप स्टडीत डोक्याला, छातीला, पायाला, बोटाला तारा लावून रात्रभर मेंदूच्या लहरी, प्राणवायू, श्वास, हृदय सगळं नोंदलं जातं. झोपेत प्राणवायू ७० टक्क्यांवर आणण्याचं नाटक कुणाला करता येत नाही. आणि यंत्र रोज किती तास चाललं, त्यावर किती अडथळे उरले, हेही यंत्राच्या नोंदीत राहतं. एवढा पुरावा यादीतल्या कित्येक प्रकारांना उपलब्ध नाही.

आता तो शेवटचा मुद्दा. दिव्यांग चळवळीतले लोक म्हणतात, आम्हाला सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा आहेत, त्याही भरल्या जात नाहीत, त्यात आणखी कोट्यवधी लोक कुठे घालता? ही भीती रास्त आहे. अंध मुलीला मिळणारी जागा यंत्र लावून नीट काम करणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने घेऊ नये. पण आरक्षण, कामाच्या ठिकाणी सवलत आणि जगण्यापुरता आधार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या तिन्हींना एकाच ४० टक्क्यांच्या दारातून आत सोडायचं, हा सगळ्या गोंधळाचा उगम आहे. आरक्षणाचं दार आहे तसं राहू दे. माझी मागणी उरलेल्या दोन गोष्टींची आहे.

त्यातली पहिली तर कायद्याने आधीच दिलेली आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की योग्य ती सोय मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांवर अवलंबून नाही. तो उमेदवार लिहिताना हात आखडण्याच्या त्रासाने ग्रस्त होता आणि त्याचे टक्के ४० च्या कितीतरी खाली होते, तरी त्याला लेखनिक मिळाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने तेलंगणातल्या रंगांधळेपणामुळे काढून टाकलेल्या बसचालकाला पर्यायी काम द्यायला सांगितलं. रंगांधळेपणाही त्या २१ प्रकारांत नाही. ॲप्निया असलेल्या चालकाला रात्रपाळीतून काढून डेपोत काम देणं, दुपारी वीस मिनिटं डोळा मिटायची मुभा देणं, दिवसपाळी पक्की करणं, यांत कुणाच्या वाट्याचं काय जातं? ब्रिटनमध्ये असा आजार असून दिवसा झोप येणाऱ्या चालकाला परवाना खात्याला कळवावं लागतं आणि आजार आटोक्यात आला की तो परत गाडी चालवतो. आपल्याकडे चालक आजार लपवतो, कारण सांगितलं तर हातची नोकरी जाते आणि पर्यायी काम मिळेल याची कुणी हमी देत नाही. त्याच्या मागे बसलेल्या पन्नास प्रवाशांसाठी तरी ही हमी द्यायला हवी.

दुसरी गोष्ट आधाराची. दीर्घ आजार माणसाची कमाई खातो, हे आपल्या राज्याला आणि देशाला नवं नाही. कामगारांच्या ईएसआय विमा योजनेत ३४ दीर्घ आजारांची यादी आहे आणि त्या रुग्णांना दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के रक्कम मिळते. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांच्या बरोबरीने क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग ‘यांसारख्या’ दुर्धर आजारांमुळे पोट भरू न शकणाऱ्यांनाही जागा आहे. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. एवढ्यात इचलकरंजीत खोलीचं भाडंही भागत नाही. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे. आजाऱ्याचं घर दिव्यांगाच्या घरापेक्षा स्वस्तात चालतं, असा हिशेब कुणी आणि कशावरून केला, ते सरकारने सांगावं.

या मागण्यांसाठी नवा कायदाही लागत नाही. २०१६ च्या कायद्याच्या परिशिष्टात शेवटी केंद्र सरकारला अधिसूचनेने नवे प्रकार घालण्याची मुभा ठेवलेली आहे. उपचारानंतरही टिकून राहणाऱ्या दीर्घ आजारांसाठी, आरक्षण वगळून, फक्त सोयी आणि आधारापुरता प्रकार त्याच वाटेने करता येईल का, हे केंद्राने तपासावं. राज्याने केंद्राची वाट बघत बसण्याचं कारण नाही. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग २०२२ साली महाराष्ट्राने काढला. संजय गांधी योजनेत आजाऱ्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा निदान दिव्यांगांएवढी करणं, ‘यांसारख्या’ या शब्दात कुठले आजार धरायचे ते तालुका समित्यांना लेखी कळवणं, आणि जन आरोग्य योजनेतून तीव्र ॲप्नियाच्या रुग्णाला सीपॅप यंत्र देणं, ही तिन्ही कामं मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयांनी होतात. यंत्राचं काम आधी करा, कारण ते मिळालं तर उरलेल्या दोन्हींसाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या आपोआप कमी होईल, आणि जे उरतील त्यांना ‘उपाय आहे ना’ असं म्हणायला कुणाकडे जागा राहणार नाही.